नवीन टर्बोचे ४१,००० घेतले आणि माझाच जुना रंगवून बसवला

एकेचाळीस हजार रुपये गेले. २५,००० फोनवरून, १६,००० रोख. आणि ज्या वस्तूसाठी, म्हणजे इंजिनात दाबानं हवा ढकलणाऱ्या टर्बोसाठी, दिले ती वस्तू आधीपासून माझ्याच गाडीत होती.

हे लिहायला मला चार महिने लागले. अंबाजोगाईत ओळखीच्या कुणाची गाडी अडली की पहिला फोन मला येतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट, ग्लो प्लग, सगळं मी घरी अंगणातच बदलतो. अशा माणसाला गॅरेजवाल्यानं गंडवलं हे चार लोकांत बोलायची लाज वाटते. पण मागच्या आठवड्यात केजच्या एका शिक्षकमित्राचा फोन आला. त्याच गॅरेजात त्यालाही "टर्बो गेलाय" म्हणून सांगितलंय आणि आगाऊ पैसे मागितलेत. त्याचे वाचले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितोय. नाव टाकत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. गॅरेज लातूरचं आहे, एवढं सांगतो.

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, १,१८,००० किलोमीटर झालेली. तेच १२४८ सीसीचं इंजिन, फियाटचं, जे मारुती, टाटा सगळ्यांनी वापरलं. मारुतीनं डिझेल गाड्या २०२० मध्ये बंद केल्या, तेव्हापासून माझ्यासारखे लोक ही गाडी जपून वापरतात. एप्रिलच्या शेवटी पिकअप पडला. तिसऱ्या गिअरला दाबली की मागे काळा धूर, आणि दोन हजार आरपीएमच्या पुढे गाडी ओढायलाच तयार नाही. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर माझ्याकडे आहे. लावला तर कोड आला पी०२९९. म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा बनत नाही.

आता हा कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे ते सांगत नाही. टर्बो खराब असेल, व्हॅक्यूमची नळी निघाली असेल, किंवा टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा पाइप फाटला असेल. पाइप फाटला की मोजून घेतलेली हवा वाटेतच गळते, डिझेल मात्र त्या मोजलेल्या हवेच्या हिशेबानं पडतं, म्हणून काळा धूर. टर्बोचं सील गेलं तर ऑइल जळून निळसर धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरते. माझं ऑइल काठीवर जिथल्या तिथं होतं. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय. चार मेला मी स्वतः तो खालचा पाइप तेलकट झालेला पाहिला, फडक्यानं पुसला आणि बोनेट लावून टाकलं.

का लावलं ते सांगतो. अकरा मेला परभणीला भाचीचं लग्न होतं. नवरीच्या मागे मंडपात मामा उभा राहतो, आणि एकुलता एक मामा मी. आईच्या गुडघ्याचं दुखणं असल्यानं तिला याच गाडीतून न्यायचं होतं. परळी, गंगाखेड करत भर उन्हात जायचं आणि गाडी वाटेत बसली तर काय, हाच विचार डोक्यात. निवांत वेळ असता तर मी गाडी कुणाला हातही लावू दिला नसता.

सहा मेला लातूरला नेली. मिस्त्रीनं पंधरा मिनिटांत पुढचा पाइप काढला, टर्बोच्या शाफ्टला बोट लावून हलवलं आणि म्हणाला, "सर, प्ले आलाय बघा. टर्बो गेला. असंच चालवलाव तर इंजिनच बसंल." प्ले म्हणजे शाफ्टचा सैलपणा. इंजिन बंद असताना, ऑइलचा दाब नसताना, शाफ्ट आडवा थोडासा हलतोच. मागे-पुढे हलला किंवा पाती टर्बोच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, घासल्याची खूण दिसली तर काळजीचं. मी मागे-पुढे हलवून बघितलंच नाही. तो म्हणाला, मी मान हलवली.

हिशेब असा. नवीन टर्बो ३५,५००, जुना कंपनीला परत द्यायचा म्हणून ४,००० वजा, म्हणजे ३१,५००. मजुरी ४,५००. ऑइल आणि फिल्टर ३,२००. इंटरकूलर धुवायचे १,२००. स्कॅनिंगचे ८००. एकूण ४१,२००, वरचे दोनशे सोडले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पाहिजे तर अठ्ठावीस टक्के जीएसटी वर लागंल सर, तुमच्यासाठीच कमी करायलोय." तेव्हा गाडीच्या बहुतेक पार्टवर २८ टक्केच होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. कर वाचवायचा होता असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. लग्नघरात पैशाची किती ओढाताण असते ते ज्याचं त्याला माहीत. आगाऊ २५,००० फोनवरून टाकताना पडद्यावर नाव भलतंच आलं. "मेहुण्याचं खातं आहे, टाका बिनधास्त." टाकले.

जुना पार्ट कंपनीला परत जातो म्हणून दाखवता येत नाही, असं कुणी म्हणालं की गाडी तिथून काढा. परत जात असेल तरी आधी तुमच्या डोळ्यांसमोर नव्याच्या शेजारी ठेवायला काय जातं?

आता ती वेळ सांगतो, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. नऊ मे, संध्याकाळचे साडेसहा. दिवसभर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. गाडी तयार होती. मी सवयीनं बोनेट उघडलं, मोबाइलचा टॉर्च हीट शील्डच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या, फटीतून आत मारला. टर्बोच्या घरावर चांदीसारखा रंग होता. जाड. एके ठिकाणी ब्रशचा केस रंगात चिकटून वाळलेला. कारखान्यातून आलेल्या ॲल्युमिनियमच्या घराला कुणी ब्रशनं रंग मारत नाही. आणि जिथं नंबराची छोटी पट्टी असते, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर कोरलेली, तिथं पट्टीच नव्हती. दोन बारीक भोकं होती, तीही रंगानं अर्धी बुजलेली.

मी विचारलं. खोटं कशाला सांगू, विचारलं. तो म्हणाला, "एक्स्पोर्टचा पीस आहे सर, त्याला पट्टी नसती." तेवढ्यात बहिणीचा फोन, हळदीचं सामान कधी आणतोस म्हणून. मी फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं बोनेट खाली घेतलं. १६,००० रोख मोजून दिले. तेव्हा खोकं मागितलं असतं तर? होलोग्राम आणि किमतीचं लेबल असलेलं खोकं दाखव, एवढी सात शब्दांची गोष्ट. शाळेत पोरांना वीस वर्षं सांगत आलो, शंका आली की विचारा आणि उत्तर पटेपर्यंत विचारा. माझंच समाधान झालं नव्हतं आणि मी गाडीत बसलो.

आणि गाडी पळाली, हे त्याहून वाईट. लग्न झालं, परभणीहून परतलो, पिकअप मस्त. मी चार जणांना त्या मिस्त्रीचा नंबर दिला. त्या चौघांनाही नंतर एकेक करून फोन करावा लागला.

बारा जूनला बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. अर्ध्यात फट्ट आवाज, मग फुसफुस, मागे काळा लोट. दुसऱ्या गिअरवर कसाबसा वर आलो आणि नेकनूर, केज करत चाळीसच्या वेगानं घरी पोचलो.

तेरा तारखेला सकाळी जे मे महिन्यात करायचं ते केलं. टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं टोपण, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि पायानं मारायचा हवेचा पंप. पंधरा पीएसआयच्या आतच ठेवायचं, त्याच्यावर नाही. मुलीनं साबणाचं पाणी फवारलं. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या बाजूला बुडबुडे उसळले. पाइप काढला तर खाली दोन बोटं लांब चीर, आणि चिरीभोवती काळी टेप गुंडाळलेली, उन्हानं आणि तेलानं सुटून लोंबणारी. वरून दिसू नये अशी टेप. ती मी लावली नव्हती. म्हणजे मे महिन्यातच त्याला कळलं होतं की पाइप फाटलाय. टेप मारून गळती थांबवली आणि मला टर्बो विकला.

मग टर्बोच्या घरावर फडक्यानं थिनर चोळला. चांदी सुटली आणि खालून लाल ठिपका वर आला.

ठिपका माझा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑइलच्या पाइपचे तांब्याचे वॉशर मीच बदलले होते. बोल्ट आवळून झाला की तो सैल होतो का ते कळावं म्हणून मी बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी घरावर. बोल्टवरची पुसली होती. घरावरची राहिली. फोनमध्ये त्या दिवसाचा फोटोही सापडला, रेघ आणि नंबराची पट्टी दोन्ही स्वच्छ दिसतात. हा फोटो नऊ मेच्या संध्याकाळीही माझ्या खिशातच होता.

नवीन पाइप १,८५० रुपयांना आला. बसवायला मला चाळीस मिनिटं लागली.

चौदाला गॅरेजात गेलो. ठिपका दाखवला, फोटो दाखवला. मिस्त्री आधी गडबडला, मग मालक आला. "सर, बिल दाखवा." चिठ्ठीवर 'टर्बो काम' लिहिलेलं. "काम म्हटलंय, नवीन कुठं म्हटलंय?" मेहुण्याचं खातं तर कुणी ओळखतच नव्हतं.

इथून पुढं जे झालं त्याचा राग चोरीपेक्षा जास्त आहे. आधी आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो. "घडलंय लातूरला, तिकडं जा." नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला ते न बघता खबर घ्यावी लागते, हे मी कागदावर छापून नेलं होतं. कागद हातात घेतला, न वाचता परत दिला. लातूरला गेलो. तीन तास बाकावर बसवलं, मग सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. नवीन म्हणून पैसे घेऊन जुनं बसवणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? "सर, तुम्ही गाडी स्वतः ताब्यात घेतलीय ना?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्या खेपेला सुटीवर. एकेका खेपेला माझी एक रजा. तक्रार अर्जाची पोच मागितली तर जणू मीच गुन्हा केल्यासारखं बघितलं. तरी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही, तुम्हीही उठू नका.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. गाडी बघून, हातात घेऊन पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा होत नाही म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, काही दिवसांनी संदेश आला की संबंधित व्यावसायिकाकडून प्रतिसाद नाही, आपण आयोगाकडे जावे, तक्रार बंद. बंद कुणी केली, मी तर केली नाही! आरटीओ कार्यालयात म्हणाले, गॅरेजांवर आमचं नियंत्रण नाही. मग नियंत्रण आहे कुणाचं? मराठवाड्यात कुणीही पत्र्याचं शेड मारून 'मल्टीब्रँड' लिहावं, लोकांच्या पाच-सात लाखांच्या गाड्या उघडाव्यात, आणि विचारायला गेलं की प्रत्येक टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे बोट.

ग्राहक आयोगात मात्र कुणी हाकललं नाही. २०१९ च्या कायद्यानं आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून बीडला केली, लातूरचे खेटे वाचले. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. अडचण तज्ज्ञाच्या दाखल्याची. बीडमधल्या तीन मिस्त्र्यांनी टर्बो बघून "तुमचाच आहे" तोंडानं सांगितलं, सही करायला एकही तयार नाही. "धंदा करायचाय सर आम्हाला." शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका टर्बोचंच काम करणाऱ्यानं १,५०० रुपये घेऊन लेखी दिलं: टर्बो वापरलेला, पट्टी काढलेली, शाफ्टचा प्ले मर्यादेत, दुरुस्तीची गरज नव्हती.

शेवटचं वाक्य मी चार-पाचदा वाचलं.

गाडी दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी महत्त्वाच्या पार्टांच्या पट्ट्यांचे फोटो काढा, टर्बो, अल्टरनेटर, बॅटरी, इंजेक्टरवरचे कोरलेले कोड सगळे. नेलपॉलिशचा ठिपका कुठं तरी न दिसेल असा टाका. पैसे गॅरेजच्या नावाच्याच खात्यात. बिलावर पार्ट नंबर आणि 'नवीन' हा शब्द. पिकअप पडून काळा धूर आला आणि ऑइल कमी होत नसेल, तर टर्बोचं नाव काढण्याआधी पाइपांना साबणाचं पाणी मारून घ्या. लग्न, दवाखाना, परीक्षा, कसलीही घाई आहे हे मिस्त्रीला कळू देऊ नका. मी गाडी दाखवतानाच लग्नाची तारीख सांगितली होती.

पुढची तारीख डिसेंबरात आहे. तो फाटका पाइप टेपसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, वर तारीख लिहून. मुलीनं विचारलं, तुमचे पैसे मिळतील का बाबा. मी सांगितलं, मिळेपर्यंत जाणार.