ड्युअल बूटमधला साडेपाच तासांचा घोळ: विंडोज बदलावं की लिनक्स?

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेत, म्हणजे ड्युअल बूट. त्यातलं उबुंटू हे लिनक्स बंद करून विंडोज सुरू केलं, तर सकाळच्या नऊला घड्याळ पहाटेचे साडेतीन दाखवतंय. ‘सिंक नाऊ’ दाबून ते जागेवर आणलं, की परत उबुंटूत गेल्यावर दुपारचे अडीच! फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदलायला धावू नका. सेल संपला की सहसा तारीखच काही वर्षं मागे जाते. इथे मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक धरतं आणि लिनक्स यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ), एवढंच झालंय.

इंटरनेट असेल तर लिनक्स थोड्या वेळात सावरतं, म्हणून बरेच जण सोडून देतात. पण तेवढ्यात सेव्ह केलेल्या फायलींवर पुढची वेळ पडते आणि ‘मेक’ (फायलींच्या वेळा बघून प्रोग्रॅम बांधणारं साधन) कुरकुर करतं.

उपाय दोन. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावायची, तर टर्मिनलमध्ये एकच ओळ: सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. आधी लिनक्समधली वेळ बरोबर आहे ना ते बघा, कारण हीच ओळ ती मदरबोर्डच्या घड्याळात लिहिते. किंवा विंडोजला यूटीसी शिकवायचं: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, टाइमझोनइन्फर्मेशन या कीखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचं डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) करून किंमत १ द्यायची आणि रीस्टार्ट.

जाणकार सहसा रजिस्ट्रीच सुचवतात. टाइमडेटसीटीएलसुद्धा स्थानिक वेळ ठेवली की इशारा देतं, आणि त्यातली मुख्य धास्ती असते उन्हाळी वेळेची. आपल्याकडे युद्धकाळातली काही वर्षं सोडली तर घड्याळं पुढेमागे करायची भानगडच नाही. त्यामुळे भारतात राहणाऱ्याने लिनक्सची सोपी वाट धरायला माझी हरकत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीला हात लावायची परवानगी नसेल तर दुसरा इलाजही नाही.

इशाऱ्यातला दुसरा भाग मात्र इथेही लागू आहे. स्थानिक वेळ ठेवली की लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ स्वतःहून दुरुस्त करत नाही, ते काम विंडोजवर सोडतं. विंडोज महिनोन्‌महिने उघडत नसाल तर ते घड्याळ हळूहळू सरकत जाणार. अशांनी रजिस्ट्रीच बदलावी. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांनीही तेच करावं, तिथे वर्षातून दोनदा वेळ बदलते. एकाच मशीनवर उबुंटूसोबत फेडोराही असेल तरी रजिस्ट्री बरी, नाहीतर प्रत्येक लिनक्समध्ये वेगळं सांगत बसावं लागतं. विंडोज नव्याने टाकलं तर मात्र ती नोंद पुन्हा करावी लागेल.

दोन्ही उपाय एकदम करू नका. तसं केलं तर दोघांच्या समजुतींची फक्त अदलाबदल होते आणि घोळ उलट्या दिशेने सुरू होतो. लिनक्सचा बदल मागे घ्यायला त्याच ओळीत १च्या जागी ० लिहा.