फिट ओळखणारा पट्टा की फिटचा अंदाज देणारं यंत्र?

घरात अपस्माराचा रुग्ण असेल आणि ‘फिट आधीच कळेल’ अशी जाहिरात पाहून खरेदीचा विचार चालू असेल, तर आधी एक फरक लक्षात घ्या. बाजारातले पट्टे फिट सुरू झाल्यावर कळवतात. ती येण्याआधी कळवणं अजून संशोधनातच आहे.

एम्ब्रेस या मनगटी पट्ट्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2018 मध्ये मान्यता दिली. तो हाताची लयबद्ध थरथर आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजतो, मग ब्लूटूथने फोनला आणि फोनवरून नातेवाइकांना कळवतो. फोन दुसऱ्या खोलीत राहिला किंवा चार्जिंग संपलं की सगळंच थांबतं. दात घासताना, टाळ्या वाजवताना खोटा इशारा येऊ शकतो. सर्वांग आखडून झटके येणाऱ्या फिटसाठीच तो आहे. रुग्ण नुसता टक लावून बघतो, ओठ चाळवतो, एवढंच होत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

फिट रात्री येत असेल तर दंडावर बांधायचं, नाडी आणि हालचाल बघणारं नाइटवॉच जास्त योग्य. 2018 च्या डच अभ्यासात त्याने मोठ्या फिटपैकी 86 टक्के पकडल्या, बिछान्याच्या सेन्सरने 21 टक्के. मात्र इशारा ऐकून लगेच पोचणारं माणूस घरात हवं.

आता अंदाजाचं. मेलबर्नमध्ये 15 रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर 16 इलेक्ट्रोड आणि छातीत त्यांच्या नोंदी बाहेर पाठवणारं यंत्र बसवलं. हातातल्या यंत्रावर धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पांढरा, कमी असेल तर निळा दिवा लागे. 2013 मध्ये निष्कर्ष आले: 11 जणांत प्रणाली निकषाला उतरली, संवेदनशीलता, म्हणजे आलेल्या फिटपैकी आधी इशारा मिळालेल्यांचं प्रमाण, 65 ते 100 टक्के. फिटचा अंदाज बांधता येतो हे यातून दिसलं. पण यंत्र सरकणं, द्रव साचणं, जंतुसंसर्ग अशा गंभीर तक्रारीही झाल्या.

हा टक्क्यांचा आकडा एकटा कधीच वाचू नका. लाल दिवा दिवसातले आठ तास पेटलेला असेल, तर निव्वळ योगायोगानेही एक तृतीयांश फिट त्यात सापडतील. म्हणून विक्रेत्याला विचारा: इशारा किती वेळ चालू असतो? चाचणी पुढच्या काळातल्या नव्या नोंदींवर झाली का? बोस्टनच्या मुलांच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या, नोंदसंचावर 95 टक्क्यांच्या वर अचूकता सांगणाऱ्या शोधनिबंधांत पुष्कळदा एकाच फिटच्या नोंदीचे तुकडे संगणक प्रणालीच्या शिकवणीतही असतात आणि परीक्षेतही. तिथला आकडा घरी टिकत नाही.

आरएनएस हे कवटीत बसवायचं यंत्र विद्युत स्पंदन देऊन फिट रोखायला आहे. त्याच्या नोंदींतून फिटचा धोका वाढण्या-घटण्याची 20-30 दिवसांची आवर्तनं दिसली, आणि 2021 च्या अभ्यासात काही रुग्णांत तीन दिवस आधीपर्यंतचा अंदाज जमला. तरी केवळ अंदाजासाठी शस्त्रक्रिया करू नये. औषधांनी न थांबणाऱ्या अपस्मारात उपचार म्हणूनच तिचा विचार व्हावा.

फिटची नोंदवही फुकट आहे, म्हणून ती ठेवाच: वेळ, कालावधी, चुकलेली गोळी, झोप, ताप, पाळी. पण जर्मनीतल्या बॉनच्या 2007 च्या अभ्यासात रुग्णांनी निम्म्याहून अधिक फिट नोंदवल्याच नव्हत्या, झोपेतल्या तर सुमारे 86 टक्के. तेव्हा नोंद सोबतच्या माणसाने करावी, शक्य तिथे व्हिडिओसह. पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्ट औषधाचा डोस त्यावरूनच बदलतील.