भिंतींचा विमा की सामानाचाही?

म्हापशातल्या आमच्या सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय, म्हणून शेजारी निर्धास्त आहेत. मी नाही. वादळात खिडकीची काच फुटली, पाणी थेट आत आलं. आईच्या सागवानी कपाटाचं दार फुगलं ते आजही नीट लागत नाही. सोसायटीचा विमा भिंती, जिना, गच्ची बघतो. कपाट आपलं.

2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत फ्लॅटचा विमा घेतला, की यादी न देताही सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं कव्हर लागतं, नुसत्या घरफोडीसाठीही. ते आधीच विचारून घ्या. भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचा विमा पुरे. मी स्वतःची पॉलिसी घेतली.