मोमेंटो कुणाला हवाय? जुन्या स्वयंसेवकांच्या सन्मानचिन्हांचं परीक्षण

घरी जोडलेल्या तऱ्हेवाईक गाड्यांची शर्यत म्हणा, बुजगावण्यांचं संमेलन म्हणा, नाहीतर उलटं धावायची स्पर्धा. असे उत्सव चालवणाऱ्या मंडळींच्या कल्पनेला एरवी तोटा नसतो. पण वीस वर्षं दोर धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा सत्कार करायची वेळ आली की सगळ्यांना एकच वस्तू सुचते: पारदर्शक ॲक्रिलिकची ढाल, वर ज्योतीसारखा आकार, खाली ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल’. हीच ढाल विक्रीचं उद्दिष्ट गाठणाऱ्यालाही मिळते आणि निवृत्त होणाऱ्या कारकुनालाही. ती कुणालाही चालते, म्हणून इथे चालत नाही.

या कामासाठी सहसा मागवल्या जाणाऱ्या वस्तूंचं हे परीक्षण. कसोट्या चार. नाव नीट वाचता येतं का? माणसाला ती वस्तू वापरता येते का, की थेट कपाटावर जाते? पुढच्या वर्षी तिच्यात भर घालता येते का? आणि ऐनवेळी एक नाव वाढलं तर निभावतं का?

सुरुवात ॲक्रिलिकपासूनच, कारण नको म्हटलं तरी निम्म्या समित्या तेच घेणार. ॲक्रिलिकचा पत्रा दोन प्रकारचा असतो, कास्ट (साच्यात ओतलेला) आणि एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेला). कास्टवर लेझरने कोरलं की अक्षर दुधाळ पांढरं उमटतं. एक्स्ट्रूडेडवर ते जवळपास पारदर्शकच राहतं, कडेला वितळल्यासारखं दिसतं आणि दोन हात लांबून नाव वाचता येत नाही. दोन्ही पत्रे दिसायला सारखेच, त्यामुळे ऑर्डर देताना ‘कास्ट’ हा शब्द लिहून घ्यावा आणि कोरलेला एक तुकडा बघायला मागावा. उभ्या ढालीला १० ते १२ मिमी जाडी हवी. ५ मिमीची ढाल बैठकीच्या खाचेत डुगडुगते. कोरीव काम मागच्या बाजूने, उलटं केलेलं चांगलं. पुढची बाजू गुळगुळीत राहते आणि अक्षरांत धूळ बसत नाही. तसं करायचं असेल तर फाइल उलटी तुम्ही करणार की कारागीर, हे आधी ठरवा. दोघांनीही केली की नाव पुन्हा आरशातलं!

रंगीत यूव्ही छपाई (अतिनील प्रकाशाने शाई वाळवणारी) हवी असेल तर रंगाखाली पांढरा थर मागावा लागतो. तो नसला की पारदर्शक पत्र्यावर रंग फिके आणि आरपार दिसतात. आणखी एक गोष्ट देणारेही सांगत नाहीत आणि घेणारेही विचारत नाहीत. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण अडकलेला असतो. ती कड सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसली की बारीक केसांसारख्या भेगा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. कार्यक्रमाच्या सकाळी उत्साहाने पुसणारा कुणी ना कुणी असतोच. त्याच्या हाती ओलं मऊ फडकं द्या आणि संरक्षक कागद तोपर्यंत काढू नका.

आता अक्षरांकडे. अवघी ऑर्डर वाया जाते ती बहुधा इथेच, आणि माल कुठला घेतला याचा त्याच्याशी संबंध नसतो. कोरीव यंत्रांची काही सॉफ्टवेअरं देवनागरी जोडायला शिकलेलीच नाहीत. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, जोडाक्षर पाय मोडून सुटं उभं राहतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी कचरा दिसतो. उपाय एकच आहे. यादी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत) ठेवा, मांडणी झाली की इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करा आणि मग पीडीएफ किंवा एसव्हीजी पाठवा. रूपांतर झालेल्या फाइलमध्ये शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा.

‘बऱ्हाटे’ किंवा ‘कुऱ्हाडे’ अशी आडनावं प्रूफमध्ये मुद्दाम शोधून बघा. तिथला ऱ नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने टाइप केलेला नसेल तर ‘बर्हाटे’ छापलं जातं, आणि आपलं नाव आयुष्यभर तसं बघून कंटाळलेला माणूस मंचावर हसून घेतो, एवढंच. श आणि ल यांची मराठी वळणं काही फॉन्टांत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय दिसत नाहीत. मुक्ता किंवा बलूसारखे जाड, मोकळे फॉन्ट कोरीव कामाला बरे. बारीक-जाड रेघांचे नक्षीदार फॉन्ट टाळावेत, कारण अनुस्वार सगळ्यात आधी गळतो आणि ‘वंदना’ची ‘वदना’ होते. लाकडावर अक्षराची उंची ६ मिमीच्या खाली नको. ॲक्रिलिकवर ४ पर्यंत निभावतं.

लाकूड दिसायला सगळ्यात देखणं, पण लहरी. बीच किंवा मेपलवर कोरीव अक्षर एकसारखं तपकिरी येतं. पाइनमध्ये रेषांच्या मऊ आणि राळेच्या भागांवर लेझर वेगवेगळा चालतो, मग एकाच नावातलं एक अक्षर काळं आणि शेजारचं फिकट. कोरण्याआधी पृष्ठभागावर मास्किंग टेप लावून घेतली तर अक्षराभोवती धुराचे डाग पडत नाहीत. ती न लावलेला नमुना लगेच ओळखू येतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त असतं, पण कडा काजळीच्या राहतात, बोटांना लागतात, आणि ओल मिळाली की कोपरे फुगतात. उघड्यावर होणाऱ्या उत्सवात, आदल्या रात्रीपासून खोके मंडपात ठेवायचे असतील तर एमडीएफचा विचारच नको.

लाकडी फळीवर पितळी पट्टी हा जुना मार्ग आजही चांगला आहे. फक्त पट्टी दुपदरी टेपने चिकटवलेली असेल तर उन्हात एक कोपरा उचलला जातो. दोन बारीक स्क्रू मागा. साध्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरने उघडं पितळ कोरता येत नाही. तसा दावा कुणी करत असेल तर तो बहुधा रंगाचा लेप दिलेल्या पट्टीवरचा लेप जाळून काढतोय. तेही चालतं, पण ती पट्टी पॉलिशने घासायची नाही, हे घेणाऱ्याला सांगायला हवं.

छापील प्रमाणपत्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या, नाव हाताने लिहायचं असेल तर पिगमेंट शाईचं पेन वापरा, लॅमिनेशन करू नका, काचेची फ्रेम तर मुळीच नको. माणूस ती हातात घेऊन गर्दीतून घरी जाणार असतो. गळ्यातलं पदक धावणाऱ्याला शोभतं. वाहनतळ सांभाळणाऱ्याच्या गळ्यात ते दहा मिनिटं राहतं आणि मग खिशात जातं.

आमची पहिली पसंती धातूच्या इनॅमल (धातूच्या खाचांत रंग भरलेल्या) बिल्ल्याला. जुना स्वयंसेवक तो टोपीला, जाकिटाला किंवा पिशवीला लावतो, आणि पुढच्या वर्षी नवीन आलेला पोरगा ‘हे काय आहे?’ असं विचारतो. ढालीबद्दल असं कुणी विचारत नाही. आकार २५ ते ३० मिमी ठेवा. ४० च्या पुढे गेलात की बिल्ला कापड ओढून खाली वाकतो. सॉफ्ट इनॅमलमध्ये रंग धातूच्या कडांपेक्षा खाली बसतो आणि बोटाला उठाव लागतो. हार्ड इनॅमल घासून सपाट केलेलं असतं, ओरखडे कमी पडतात. रोज वापरायचा असेल तर हार्ड. विनोदी, चित्रमय आकृती असेल तर सॉफ्टचा उठाव जास्त खुलतो. आकृतीच्या आत आरपार भोकं हवी असतील (चाकाचे आरे, बुजगावण्याच्या हातांमधली फट) तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम मागा.

मागे एकच खिळा असेल तर बिल्ला फिरतो आणि बुजगावणं शीर्षासन करतं. दोन खिळे हवेतच. फुलपाखरासारखी पकड कालांतराने सैल होते, रबराची गर्दीत निसटते. वीस वर्षांचा बिल्ला हरवू नये असं वाटत असेल तर लॉक होणारी पकड घ्या, प्रत्येक नगामागे थोडा खर्च वाढला तरी.

बिल्ल्याचा खरा फायदा म्हणजे त्याखाली लटकवायच्या वर्षपट्ट्या. मूळ बिल्ला सगळ्यांचा एकच. ५, १०, १५, २० अशा छोट्या पट्ट्या दोन कड्यांनी खाली जोडत जायच्या. त्यासाठी बिल्ल्याच्या खालच्या कडेला दोन भोकं पहिल्याच साच्यात ठेवावी लागतात. नंतर पाडता येत नाहीत. कड्यांची तार १ मिमीच्या आसपास जाड हवी. कडी उघडताना तोंडं बाजूला ओढायची नाहीत. दोन पक्कडींनी एक टोक पुढे, एक मागे असं पिळून उघडायची आणि तसंच पिळून बंद करायची. ओढून उघडलेली कडी पुन्हा गोल बसत नाही, आणि पट्टी हरवते ती त्या फटीतूनच.

दोष सांगायचे तर दोन. साच्याचा खर्च एकदाच पण मोठा असतो आणि कारखाने सहसा ५० किंवा १०० च्या खाली घेत नाहीत, म्हणून आठ-दहा माणसांच्या सत्कारासाठी हा मार्ग महाग. पुढच्या पाच-दहा वर्षांचा हिशोब केला तरच परवडतो. साचा किती वर्षं सांभाळणार हे लिहून घ्या. दुसरा दोष म्हणजे यावर देवनागरी नाव मावत नाही. हट्टाने घातलंत तर मात्रा एकमेकींत बुजतात. पुढे चिन्ह आणि उत्सवाचं वर्ष, नाव हवंच असेल तर सोबतच्या कार्डावर. वेळही धरून चाला: लेझरचं काम आठवड्यात होतं, बिल्ल्यांना नमुना मंजूर झाल्यापासून महिना-दीड महिना.

भरतकामाचा कापडी बिल्ला दुसऱ्या क्रमांकावर. इस्त्रीने चिकटणारा असला तरी कडेने शिलाई मारायला सांगा, नाहीतर काही धुण्यांत कोपरा सुटतो. यावरही बारीक अक्षरं नकोत. धाग्याला वेलांटीचं वळण जमत नाही.

आणि एक प्रकार असा, जो कुठल्याच दुकानाच्या कॅटलॉगमध्ये नसतो: उत्सवाच्याच जुन्या सामानातून बनवलेली वस्तू. मोडलेल्या शर्यतगाडीच्या चाकाचा तुकडा, जुन्या बॅनरची पिशवी. उत्सव वेडगळ असेल तर यासारखं दुसरं काही नाही. बॅनरचं फ्लेक्स शिवायला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि ४ मिमीचा लांब टाका घ्यावा. टाके जवळजवळ पडले की भोकांच्या रेषेवरच फ्लेक्स फाटतं. घडीवर छपाईची शाई तडकते, म्हणून चित्र घडीपासून दूर ठेवून कापा. एक पक्का नियम: फ्लेक्स लेझरने कापायला देऊ नका. त्यात पीव्हीसी असतं, जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. कारागिराला त्रास आणि यंत्राला गंज. शहाणा कारागीर हे काम घेतच नाही.

कुठलीही वस्तू घेतलीत तरी वर्षांची मोजणी आधी निस्तरा. २००१ च्या उत्सवापासून २०२५ पर्यंत एकही न चुकवलेल्या माणसाने २५ उत्सव केले, पण वर्षं २४ पूर्ण झाली. २०२० साली उत्सव झालाच नसेल तर उत्सव २४. ‘२५ वर्षं’ कोरून बसलात की दुसरा कुणी बोटांवर मोजून दाखवतो. सगळ्यांसाठी ‘उत्सव’ हेच माप धरा. मध्ये दोन वर्षं न आलेल्याचाही हिशोब त्यात सरळ बसतो. मजकुरात ‘योगदान’ नको, काम लिहा: ‘वळणावरच्या गवताच्या गठ्ठ्यांची जबाबदारी, १८ उत्सव’. नावाचं स्पेलिंग ज्याचं त्याच्याकडून लेखी मागवा आणि प्रूफ यादी बनवणाऱ्याने न तपासता दुसऱ्या कुणीतरी तपासावं.

दर दहा नगांमागे एक कोरा जास्तीचा घ्या आणि तो नंतर कोरून द्यायचं कारागिराकडून आधीच कबूल करून घ्या. सुटलेलं नाव कार्यक्रमाच्या दिवशी आठवतंच. सत्काराची वेळ शर्यतीच्या मधोमध ठेवू नका. ज्यांचा सत्कार तेच त्या वेळी दोरापाशी, पंपापाशी, फाटकापाशी अडकलेले असतात. सामान आवरून झाल्यावर, जेवणाआधीचा अर्धा तास बरा. टेबलावर सन्मानचिन्हं पुकारायच्या क्रमाने मांडा, खोक्यांवर नावाच्या चिठ्ठ्या बाहेरून लावा, आणि ज्यांना मंचावर यायचं नाही त्यांची यादी निवेदकाच्या हातात वेगळी द्या.