प्लेट लावू की डीएनए पाठवू? मातीतले जिवाणू मोजायला निघालेल्यांसाठी

दरवर्षी दिवाळी झाली की एम.एस्सी.ची पोरं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात. हल्ली त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, सिक्वेन्सिंग करायचं म्हणतोय," म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायची. कशाचं? मातीचं. कुठल्या मातीचं? मग गप्प.

यंदाचा मुलगा बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. त्याच्याकडे निदान माती तरी होती. घरचं भाताचं शेत, खानापूरकडं मामाचं तांबड्या मातीचं रान आणि निपाणीजवळ बहिणीच्या सासरी काळ्या मातीतला ऊस. तिन्हींतले जिवाणू मोजायचे आणि तुलना करायची, एवढा बेत. हातात जानेवारी ते एप्रिल, कॉलेजचा जुना ऑटोक्लेव्ह आणि घरून मिळतील तेवढे पैसे. अशाच अडचणीत असलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी प्लेट. दहा ग्रॅम माती नव्वद मिली निर्जंतुक पाण्यात हलवायची, पुढं दहा-दहा पटीनं विरळ करत जायचं, शेवटच्या नळीतलं ०.१ मिली अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जिवाणूंच्या खाद्याच्या जेलीवर, पसरायचं. समजा दहा हजारपट विरळ केलेल्या नळीतून ८६ कॉलन्या, म्हणजे जिवाणू वाढून झालेले ठिपके, आल्या. ८६ गुणिले १० गुणिले १०,००० म्हणजे ग्रॅममागे ८६ लाख. आकडा ऐकून पोरं खूश होतात. पण तीच माती रंगवून फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली मोजली तर ग्रॅममागे शंभर कोटींच्या घरात पेशी दिसू शकतात. म्हणजे प्लेटवर शंभरातला एकही उगवला नाही. हे काही नवं नाही. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी या तफावतीवर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून तिला नावही आहे. जे जिवाणू हळू वाढतात, ज्यांना आपला अगार मानवत नाही किंवा जे शेजाऱ्याच्या जिवावर जगतात, ते प्लेटवर येतच नाहीत.

मग प्लेट टाकाऊ का? मी तसं म्हणणार नाही. प्लेटवर जे येतं ते जिवंत असतं आणि ते हातात राहतं. चार दिवसांनी झाकण उघडलं की खडूच्या भुकटीसारख्या पांढऱ्या, अगारात घट्ट रुतलेल्या कॉलन्या दिसतात. सुईनं खरवडायला गेलं तर सहज निघत नाहीत, आणि वास येतो वळवाच्या पहिल्या सरीचा. ते स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू, वासाचं द्रव्य जिओस्मिन. शेजारी कधी मुळांसारख्या फांद्या फुटलेला एकच बॅसिलस अर्धी प्लेट व्यापून बसतो आणि मोजणीचा विचका करतो. पण ही कॉलनी उचलून तुम्ही तिला काम लावू शकता. सेल्युलोजच्या, म्हणजे काडीकचऱ्यातल्या तंतूंच्या, अगारवर वाढवा, काँगो रेड हा रंग ओता, मिठाच्या पाण्यानं धुवा. जिनं सेल्युलोज फोडलं तिच्याभोवती फिकं कडं उमटतं. डीएनएच्या अहवालातून काही उचलून असं पुन्हा वाढवता येत नाही. सूक्ष्मदर्शकाचं म्हणाल तर एकूण संख्या चांगली कळते, पण कोण कोणता ते कळत नाही आणि मातीचे कणही चमकून फसवतात. डोळे शिणतात ते वेगळंच.

आता डीएनए. मातीतून सगळा डीएनए काढायचा, त्यातलं १६एस हे जनुक वाढवायचं आणि त्याचे तुकडे वाचायचे. साधारण १५०० अक्षरांचं हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं. याच जनुकाच्या आरएनएची तुलना करून वूज आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा वेगळा गट दाखवला. न उगवणारेही यात सापडतात, शेकडो, हजारो प्रकार एका फटक्यात. रंगीत आलेख इतके देखणे येतात की परीक्षकही खूश.

पण अहवालातले आकडे टक्क्यांचे असतात. एका शेतात शंभर कोटी पेशी, त्यात वीस कोटी अॅसिडोबॅक्टेरिया या गटाचे : वीस टक्के. दुसऱ्यात एकूणच पन्नास कोटी, त्यातही तेच वीस कोटी : चाळीस टक्के. आलेख सांगतो दुप्पट झाले, आणि शेतात एकही वाढलेला नसतो. शिवाय १६एसच्या प्रती सगळ्यांत सारख्या नसतात. बॅसिलस सबटिलिसमध्ये दहा, ई. कोलायमध्ये सात, मातीतल्या कित्येक संथ मंडळींत एक किंवा दोन. आणि मेलेल्यांचा डीएनएही मातीत टिकतो. २०१६ च्या एका अभ्यासात तो मातीतल्या डीएनएच्या सरासरी ४० टक्के भरला. आपल्या काळ्या मातीची चिकण डीएनए धरून ठेवते, सोडत नाही, तेव्हा दोन मातींतून तो सारख्याच प्रमाणात निघाला असं धरून चालू नका.

एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही ओली माती बर्फात घालून सिक्वेन्सिंगच्या प्रयोगशाळेकडं पाठवली. पार्सल शुक्रवारी निघालं, सुट्ट्या लागून आल्या, पोचेपर्यंत बर्फाचं कोमट पाणी. अहवालात पटकन वाढणाऱ्यांची नुसती जत्रा. आम्ही शेत मोजलं नव्हतं, पिशवीत चार दिवसांत काय वाढलं ते मोजलं होतं. तेव्हापासून डीएनए इथंच काढतो आणि तोच पाठवतो. कोरी नळी, म्हणजे माती न घालता काढलेला नमुनाही सोबत द्या. डीएनए काढायच्या किटमध्येच थोडा जिवाणूंचा डीएनए असतो. कणकुंबीच्या झऱ्यासारख्या स्वच्छ, मुळातच कमी डीएनएच्या पाण्याचे नमुने असतील तर तोच तुमचा निष्कर्ष होऊन बसेल. शॉटगन मेटाजिनोमिक्स, म्हणजे सगळाच डीएनए वाचणं, मी इथं धरत नाही. पैसे कैकपट, आणि मातीसाठी आकडेमोडीला लागणारा संगणक कॉलेजात नसतो.

खरी गोची खर्चात आहे. १६एसला एका नमुन्यामागे काही हजार रुपये जातात. म्हणून पोरं एका शेताचा एकच नमुना पाठवतात आणि तीन नमुन्यांवर प्रबंध लिहितात. एका शेतातले दोन कोपरे एकमेकांपासून किती वेगळे आहेत तेच माहीत नसेल, तर शेताशेतांतला फरक कशावरून सांगणार? प्रत्येक गटात निदान पाच वेगळे नमुने हवेत. तेवढे परवडत नसतील तर प्लेटी बऱ्या.

आणि पैसे भरण्याआधी पीएच मोजा. २००६ मध्ये फायरर आणि जॅक्सन यांनी अमेरिकेच्या दोन्ही खंडांतल्या ९८ मातींचे नमुने तपासले. जिवाणूंची विविधता तापमानाशी किंवा अक्षांशाशी नाही, पीएचशी जुळली. सर्वांत जास्त उदासीन मातीत, आम्ल मातीत कमी. खानापूरची तांबडी माती धो धो पावसानं धुतली जाऊन आम्ल झालेली, निपाणीची काळी विम्लाकडं झुकलेली. त्या दोन्हींत फरक निघणारच. त्यासाठी पोराच्या बापाचे पन्नास हजार घालवायचे?

येळ्ळूरच्या पोराला मी हेच विचारलं. तिन्ही रानांत माती वेगळी, पीक वेगळं, पाणी वेगळं. फरक दिसला तर कशामुळं म्हणशील? तो जरा खट्टू झाला. मग बोलता बोलता निघालं की बहिणीच्या उसात अर्ध्या रानातलं पाचट दरवर्षी जाळतात आणि अर्ध्यात सरीत कुजवतात. मी म्हटलं, अरे मग हाच तुझा प्रोजेक्ट की! एकच माती, एकच पीक, एकच पाणी. दोन्ही भागांतून पाच-पाच नमुने, साध्या आणि सेल्युलोजच्या प्लेटी, पीएच. शिवाय बंद बरणीत माती आणि सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली ठेवून किती कार्बन डायऑक्साइड निघाला ते टायट्रेशननं बघायचं. न उगवणारेही श्वास घेतातच, त्यांची हजेरी तिथं लागते. डीएनए काढून फ्रीझरमध्ये ठेवायचा. पुढं कुठून पैसे मिळाले तर दहाही नळ्या एकदमच पाठवता येतील.

ज्यांचा प्रश्न विहिरीच्या पाण्याचा आहे, नाल्याचं पाणी झिरपतंय का असा, त्यांनी यातलं काहीच करू नये. १०० मिली पाणी गाळून विष्ठेतून येणारी ई. कोलाय आहे की नाही बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती मुळीच चालत नाही. तिथं विविधता घेऊन काय करायचंय!

परवा पोरगा पिशव्या घेऊन आला. दहा सांगितल्या होत्या, अकरा निघाल्या.

"बांधावरची पण आणलीय मॅडम. तिथं कधी नांगर लागला नाही म्हणे."

"एकच?"

"एकच."

"मग उद्या चार अजून आण," म्हटलं.