फोंड्यातील पुस्तक-मांडणी सेवा : हस्तलिखित वाचून काम करणारी, पण शिवणीत चुकलेली

नैसर्गिक आपत्तीनंतर गावे पुन्हा कशी उभी राहतात या विषयावरील आमच्या लेखसंग्रहाची मांडणी आणि छपाई यंदा फोंड्यातील या छोट्या सेवेकडून करून घेतली. संग्रहात किल्लारी, भुज आणि माळीण येथील पुनर्वसनाबरोबरच जुलै २०२१ च्या पुरात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पडलेल्या मातीच्या घरांवरही एक प्रकरण आहे. गोव्यात लग्नपत्रिका, स्मरणिका आणि अहवाल छापून देणारे पुष्कळ आहेत. हस्तलिखित पूर्ण वाचल्याशिवाय मांडणीला हात न घालणारे मात्र विरळा, आणि या सेवेची खरी जमेची बाजू तीच आहे.

मुखपृष्ठासाठी आम्ही ढिगाऱ्याचे एक छायाचित्र दिले होते. पुस्तकातील सगळा मजकूर आपत्तीनंतरच्या वर्षांचा असताना मुखपृष्ठ पहिल्या दिवसाचे कसे, असे मांडणीकार बाईंनी विचारले आणि त्यावर आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. आता तेथे जोत्यापर्यंत आलेल्या घराचे रेखाचित्र आहे.

सर्वांत अधिक कष्ट किल्लारीच्या प्रकरणावर घेतलेले दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर, यांनीच माणसांचा जीव घेतला, हे लेखकाने तीन परिच्छेदांत सांगितले होते. बाईंनी त्याच्या शेजारी भिंतीचा आडवा छेद काढून घेतला : आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्यामुळे दोन्ही थर सुटतात आणि माळवद खाली येते, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते. पुढील जोडपानावर जुन्या गावठाणाच्या बोळांचा आणि नव्या वसाहतीतील सरळ रस्त्यांचा आराखडा एकाच प्रमाणात छापला आहे. स्थलांतरित गावांत घर पक्के मिळूनही शेजार का तुटला, याचे उत्तर वाचकाला तेथे डोळ्यांनी दिसते. एवढ्या एका जोडपानासाठीही मी या सेवेची शिफारस करीन.

२००१ च्या कच्छ भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी आपली घरे स्वतः बांधून घेतली आणि काम पुढे सरकेल तशी मदत हप्त्यांनी मिळाली. त्या प्रकरणाच्या समासात पानागणिक एक घर वर चढत जाते : जोते, भिंती, दारे-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा, छप्पर. कल्पना गोड आहे. प्रौढ वाचकांच्या पुस्तकात ती थोडी लाडिक वाटते, हे माझे वैयक्तिक मत.

तक्रारी किरकोळ नाहीत. म्हादईकाठचा नकाशा दोन पानांवर पसरवला आणि छापून आल्यावर नदीचे वळण शिवणीने गिळलेले आढळले. घडीजवळच्या वाड्यांची नावे पुस्तक कितीही ताणून उघडले तरी वाचता येत नव्हती. पडद्यावरच्या प्रूफात पान सपाट असते, त्यामुळे हा दोष तेथे लक्षात येणे कठीण. परंतु ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनी तो आधीच हेरायला हवा होता. त्यांनी तो फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, स्वखर्चाने पुन्हा छापला, तरी प्रकाशनाची तारीख पुढे ढकलावी लागली ती लागलीच. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ अशा शब्दांतील अक्षरे ठिकठिकाणी फुटली होती. मुद्रितशोधन दरपत्रकात धरलेले नाही आणि तसे कोठे लिहिलेलेही नाही, तेव्हा ते आधीच विचारून घ्यावे.

कागदाबाबतचा सल्ला मात्र गोव्याची हवा ओळखून दिलेला होता. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ दमट हवेत वळते, म्हणून बांधणी चवथीनंतर पाऊस ओसरल्यावर करण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि त्यामुळे आमच्या प्रती कपाटात सरळ उभ्या आहेत. दर पणजीत मिळालेल्या अंदाजपत्रकांपेक्षा चढे आहेत. नकाशे किंवा आराखडे असलेले पुस्तक देणार असाल, तर छपाईपूर्वी शिवलेली डमी प्रत हातात घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नये. अंतिम पीडीएफबरोबर मांडणीच्या मूळ फाइलीही त्यांनी वेगळे पैसे न घेता दिल्या, त्यामुळे दुसरी आवृत्ती कोठेही छापता येईल.