सायकलच्या रंगाला कोणतं वॅक्स? डबा, बाटली की फवारा

ऑटो ॲक्सेसरीजच्या दुकानात वॅक्सचे जेवढे डबे दिसतात, त्या सगळ्यांवर चित्र मोटारीचं. 'सहा महिने टिकतं' हा दावाही मोटारीच्या बॉनेटचा. बॉनेट म्हणजे मोठा सपाट पत्रा. सायकलीत सपाट असं काही नसतंच; नळ्या, सांधे, केबलच्या कड्या, बीबीखालचा (पेडलचा आस बसतो त्या नळीखालचा) बोट न शिरणारा कोपरा, सगळा कारभार वळणावळणाचा. म्हणून मी वॅक्स घेताना आधी एवढंच बघतो, की लावलेलं पुसून निघेल का. चमक आणि टिकाऊपणा त्यानंतर.

किंमत तर अगदी शेवटी. एकदा टेप घेऊन बसलो आणि दांडा, खालची नळी, मागचे चिमटे, पुढचा चिमटा यांची लांबी गुणिले घेर केली. सगळं मिळून साडेतीन चौरस फुटांच्या आसपास भरलं. म्हणजे मोटारीसाठी भरलेला डबा सायकलवाल्याला वर्षानुवर्षं पुरतो, संपण्याआधी सुकतोच. दोघातिघांनी मिळून घ्यावा हे बरं.

आमच्याकडे तीन सायकली आहेत आणि घर रत्नागिरीत, समुद्राच्या वाऱ्यावर. वडिलांची काळी चोवीस इंची, लोखंडी. माझी ॲल्युमिनियमची हायब्रिड, चकचकीत निळी. आणि पुतण्याची मॅट रंगाची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, जिच्यावर मी एक पाप करून बसलो आहे; ते पुढे येईल.

डब्यातलं घट्ट वॅक्स

यातला मुख्य घटक कार्नाउबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं हे मेण. ते 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं, मधमाशीचं मेण 62-64 लाच. मे महिन्याच्या उन्हात काळी फ्रेम हात लावता येणार नाही इतकी तापते, तेव्हा हा फरक कामाचा ठरतो. नुसतं कार्नाउबा विटेसारखं कडक असतं, म्हणून त्यात तेलं आणि द्रावकं घालून ते लावण्याजोगं करतात.

काळ्या, लाल, गडद रंगावर याची झळाळी दुसऱ्या कशाला येत नाही. वडिलांच्या सायकलीचा दांडा वॅक्स करून पुसला की त्यात खिडकीचे गज दिसतात. पण त्याच सायकलीला नळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी लग, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाह्या, आहेत, आणि प्रत्येक लगच्या कडेला हे वॅक्स अडकून पांढरं सुकतं. मग दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसा. स्टिकरच्या कडांनाही तीच पांढरी किनार येते. पावसाळी हवेत ते लवकर सुकत नाही आणि उन्हात लावलं तर चिकटून बसतं. सकाळी, सावलीत, मे संपायच्या आत, एवढाच त्याचा मुहूर्त.

बाटलीतलं पातळ वॅक्स

यात मेणाबरोबर कृत्रिम पॉलिमर असतात, किंवा नुसते पॉलिमरच. त्याला सीलंट म्हणतात. अमेरिकेतल्या मंडळींना कॉलिनाइट 845 माहीत असेल, ते या मधल्या जातीचं. थेंबभर फडक्यावर घ्यायचं, नळीभोवती फडकं गुंडाळून बूट पॉलिश करतात तसं मागेपुढे ओढायचं, धुरकट झालं की दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. थर पातळ असल्याने कोपऱ्यात साचत नाही. झळाळी डब्यातल्यापेक्षा थोडी कोरडी, काचेसारखी.

गेल्या वर्षी मेच्या शेवटी काळ्या सायकलीच्या दांड्यावर पुढच्या अर्ध्यात डब्यातलं आणि मागच्या अर्ध्यात बाटलीतलं लावलं. दर रविवारी साधं पाणी मारून धुतलं आणि पाण्याचे थेंब बघितले. वॅक्स शाबूत असेल तर अळवाच्या पानावर राहतात तसे ते गोल, उभे राहतात. उतरलं की पाणी पसरतं. पुढच्या अर्ध्यावरचे थेंब आषाढीच्या सुमारास बसले. मागचे गणपती येईपर्यंत उभे होते. एका सायकलीचा, एका पावसाळ्याचा हा अनुभव, पण माझा निकाल त्यावरच लागला.

फवारा

धुतलेल्या ओल्या सायकलीला फडक्याने लावा आणि पुसा, पाच मिनिटांत काम. टिकतो कमी, पण दर आठवड्याला सायकल धुणाऱ्याला टिकाऊपणाची पर्वा कशाला? तो धुतानाच परत मारतो. हल्ली यात सिलिका घातलेले 'सिरॅमिक' फवारे आलेत, ते साध्या फवाऱ्यापेक्षा जास्त दिवस राहतात.

धोका एकच आणि तो मोठा आहे: फवारा नेम धरत नाही. डिस्कवर किंवा रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर त्याचा शिडकावा गेला तर ब्रेक किंचाळतात आणि लागत नाहीत. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघते, पण पॅडने ते शोषलं असेल तर पॅडच बदलावे लागतात. म्हणून फवारा फडक्यावर मारायचा, फ्रेमवर कधीच नाही. सीट, ग्रिप आणि टायर यांना तर कुठलंच वॅक्स लावू नका.

सिरॅमिक कोटिंग

छोट्या बाटलीतलं, हातमोजे घालून लावायचं खरं कोटिंग वेगळं. आधी रंग पॉलिश करून, अल्कोहोलने पुसून तेलाचा अंशही काढावा लागतो. लावल्यावर निदान दिवसभर पाणी लागता कामा नये. चुकून जाड थर बसला तर घासूनच काढावा लागतो. लाखाच्या घरातली कार्बनची सायकल असेल तर जरूर करा. रोज बाजारात उभ्या राहणाऱ्या सायकलीला हे म्हणजे गाढवाला जरीची झूल. आणि दुकानदार काहीही सांगो, उडालेल्या खड्याने रंगाचा टवका जायचा तो यानेही जातोच. तिथे पारदर्शक फिल्मची पट्टी लागते, नाहीतर चेनच्या बाजूच्या नळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

घरगुती उपाय

पावसाआधी खोबरेल किंवा रॉकेल-तेलाचा बोळा फिरवणं आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय. गंजापासून चार दिवस राखण होते, नाही असं नाही. पण त्यावर धूळ बसून जो लेप तयार होतो तो फडक्याबरोबर रंगावर घासला जातो. मेणबत्ती घासणारेही बघितलेत. ते हवं तर निकलच्या हँडलवर करा.

विकत घेण्याआधी

डब्यावर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश' लिहिलं असेल तर बहुधा त्यात बारीक घासणारी पूड असते. फिकट पडलेल्या जुन्या रंगाला ती उपयोगी, पण दर महिन्याला लावायची वस्तू नव्हे. पांढऱ्या फडक्यावर सायकलचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही असं समजा आणि हात आवरा.

आता पुतण्याची एमटीबी. चकचकीत फ्रेमवर चालणारं बाटलीतलं वॅक्स मी तिच्या वरच्या नळीवर हौसेने लावलं आणि जोरजोरात पुसलं. मॅट रंगावर तेलकट हात फिरवल्यासारखा डाग दिसू लागला, तो अजून तिरप्या उजेडात दिसतो. मॅट फिनिशला मॅटसाठीचाच फवारा, आणि तोही न रगडता. पुतण्या काही बोलला नाही, पण आता माझ्या हातात फडकं दिसलं की सायकल आत नेतो.

गंजाचं म्हणाल तर लोखंडी फ्रेमवर टवक्याच्या जागी वॅक्स लावलं की गंज थांबत नाही, झाकला जातो. आधी पॉलिश पेपरने घासा, टच-अप रंगाचा ठिपका द्या, तो पुरता वाळू द्या, मग वॅक्स. क्रम उलटा केलात तर वॅक्सवर रंग धरत नाही. पूर्ण सायकल रंगवून आणली असेल आणि रंग भट्टीत भाजलेला नसेल, तर महिनाभर थांबा, आतला थिनर उडून जाऊ दे. ॲल्युमिनियमवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. खाऱ्या हवेत टवक्याच्या कडेने रंगाखाली पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि फोड येतो.

मग घ्यावं काय? कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या पावसात रोज चालवत असाल तर बाटलीतलं, वर्षातून दोनदा: एकदा मेच्या शेवटी, एकदा दसऱ्याला सायकल धुवाल तेव्हा, झेंडूची माळ घालायच्या आधी. पुण्या-नाशकात रविवारी लांब जाऊन येणारे आणि दर खेपेला सायकल धुणारे असाल तर फवारा पुरे. वाडवडिलांची लोखंडी सायकल हौसेने राखलेली असेल आणि एक अख्खी सकाळ मोकळी असेल तर डबा घ्याच. मी स्वतः दांड्याला डब्यातलं आणि लगपासून खाली सगळीकडे बाटलीतलं लावतो. वडिलांना हे दोन वॅक्सचं प्रकरण अजून पटलेलं नाही. ते दिवाणखान्यातून ओरडतात, "अरे, चेनला तेल घातलंस का आधी?"